आईला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी किमोच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. सलाईनपेक्षा हे हलकं असतं का? घरी काय सांभाळावं?

मी स्वतः या कॅप्सूल घेते, म्हणून लिहिते. अंबाजोगाईजवळच्या गावात राहते.

माझा आजार तिसऱ्या स्टेजला सापडला. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या सहा किमो झाल्या, आणि पाच महिन्यांत पोटात पुन्हा पाणी साठलं. सहा महिन्यांच्या आत आजार उलटला की प्लॅटिनमची औषधं (कार्बोप्लॅटिन त्यातलंच) त्याला फारशी लागू पडत नाहीत असं धरतात. म्हणून मला इटोपोसाइड दिलं. ५० मिलीग्रॅमची रोज एक कॅप्सूल, २१ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. आजार मुळासकट जाणार नाही, पण आवरून धरता येईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ते खरं बोलले याचा मला आधारच वाटला.

पण हलकं अजिबात समजू नका. पहिल्याच कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात, ऐन मे महिन्यात, संध्याकाळी मला ताप भरला. सून म्हणाली, "आत्याबाई, ऊन लागलंय तुम्हाला." तळपायाला कांदा चोळला, पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला, झोपले. पहाटे हुडहुडी भरली. तपासणीत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किमोमुळे फार कमी, ९०० निघाल्या. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक घेतलं तेव्हा सुटले. आपल्याकडे उन्हाळ्यात ताप म्हणजे ऊन, हे डोक्यात इतकं बसलंय की तिथेच फसगत होते. थर्मामीटर आईंच्या उशाशी ठेवा. १००.४ फॅरनहाइट दिसला की घरची गोळी देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा. रात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्ताची तपासणी सांगतील त्या दिवशी करा, "बरं वाटतंय" म्हणून टाळू नका.

कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. आमचं घर पत्र्याचं. एकदा उन्हाने कॅप्सूल मऊ पडून पाकिटाला चिकटली आणि काढताना फुटली. ती घेतली नाही, फोन करून विचारलं. तेव्हापासून पाकिटावर जे तापमान लिहिलंय त्याप्रमाणेच ठेवते. सून गरोदर आहे, तिला मी हात लावू देत नाही; पाकीट मीच दाबते, कॅप्सूल चमच्यात पडते, चमचा तोंडात, मग साबणाने हात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. उलटीत पडली तरी स्वतःच्या मनाने परत नाही.

केस माझे पुन्हा गेले. तोंड आलं तेव्हा ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तिखट बंद केलं. शेजारणीने प्रेमाने काढा आणला होता. तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेतला नाही, आणि त्यांनी नकोच सांगितलं.

आईंना इटोपोसाइडच दिलंय की दुसरं काही, ते चिठ्ठीवर बघून इथे लिहा. उपाशीपोटी घ्यायचं का जेवून, दिवस किती, हे औषधागणिक बदलतं.