वाचकांचे प्रश्न : नजरेचा अंदाज आणि मोजलेले रक्त

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका दवाखान्यात नऊ वर्षे प्रसूतिकक्षात स्टाफ नर्स आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आम्ही डोळ्यांनी पाहून लिहितो आणि जवळजवळ प्रत्येक केसपेपरवर ‘अंदाजे २०० मिली’ असाच आकडा असतो. गेल्या पावसाळ्यात एका बाईच्या केसपेपरवरही तोच आकडा होता, आणि तासाभरात तिला बेळगावला हलवावे लागले. सुदैवाने ती वाचली. रक्त मोजून लिहू या, असे मी बैठकीत सुचवले, तेव्हा ‘वरून आदेश आला की बघू’ असे उत्तर मिळाले. नर्सने अशी गोष्ट पुढे न्यावी का, आणि कशी?

उत्तर : जरूर न्यावी. आपल्या प्रश्नाचा मोठा भाग आपल्याच जिल्ह्यात पूर्वी हाताळला गेला आहे, म्हणून आधी तेच सांगतो. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्यांचा अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर त्यात होते. मात्र बाळंतपण करून गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या एएनएम सिस्टर, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांपैकी १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, तर औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के राहिले.

या कामात रक्त नजरेने नव्हे, मोजून नोंदवले जात होते. बाळ बाहेर आले की बाळंतिणीच्या कमरेखाली प्लॅस्टिकची चादर सरकवायची. तिचे खाली लोंबणारे टोक नरसाळ्यासारखे निमुळते असते आणि त्यावर मिलिलिटरच्या रेषा छापलेल्या असतात. या चादरीशी ताडून पाहिले तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला. आपल्या केसपेपरवरचे ‘२००’ त्यामुळे कोणाच्या आळशीपणाचे लक्षण मानू नये. कापडात आणि गादीत मुरलेले रक्त अनुभवी डोळ्यांनाही फसवते. बैठकीत हे याच शब्दांत सांगावे, म्हणजे सहकारी सिस्टरना आपल्यावर बोट रोखले गेले असे वाटणार नाही.

चादर मिळेपर्यंत बाळाचा वजनकाटा कामी येतो. कोरे पॅड आणि कापड आधी तोलून ठेवावे, भिजल्यावर पुन्हा तोलावे. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. काटा दर वेळी पुसून निर्जंतुक करण्याची जबाबदारी मात्र आधी ठरलेली असावी. आपण आणि आपल्याला साथ देणारी एक सिस्टर, अशा दोघींनी आपल्याच शिफ्टमध्ये दोन आठवडे हे करावे, आणि एका वहीत दोन रकाने ठेवावेत : आधी नजरेचा अंदाज, मग मोजलेले. बाईचे नाव त्या वहीत नको. ही वही घेऊन प्रथम इनचार्ज सिस्टरकडे आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. तक्रार ऐकायला डॉक्टरांना वेळ नसेल, पण स्वतःच्याच कक्षातले आकडे समोर आले की ते थांबून पाहतात, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावी. मोजणे सुरू होताच अतिरक्तस्रावाच्या नोंदी वाढतील. काम बिघडल्यामुळे नव्हे, आजवर न दिसलेले दिसू लागल्यामुळे. हे आधी बोलले गेले नाही, तर पहिल्याच महिन्याच्या अहवालानंतर वही बंद पडण्याचा धोका असतो.

नुसत्या मोजण्याने मात्र बाई वाचत नाही. ५०० मिलीची, म्हणजे अतिरक्तस्रावाची रेषा ओलांडली की कोणी काय करायचे, हे आधी ठरलेले हवे : गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी, एकापाठोपाठ एक न थांबता. आफ्रिकेतील चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मोजणे आणि हे उपचार एकत्र जोडले गेले, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रेषेवर ‘डॉक्टरांना बोलावू का?’ असे विचारायची वेळ सिस्टरवर येऊ नये, बोलावणे हाच नियम असावा, आणि त्यावर डॉक्टरांची सही आधीच घेऊन तो कन्नड आणि मराठी दोन्हींत भिंतीवर लावावा. आपल्याकडे रात्रपाळीच्या दोघी सिस्टर एकाच भाषेत वाचतील, याची खात्री नसते.

प्रश्न : रक्त मोजण्याबद्दलच्या बैठकीला आयामावशींना बोलवावे का? — निपाणीहून एक वाचक

उत्तर : बोलवावे, आणि त्यांना आधी बोलू द्यावे. भिजलेले कापड उचलणारा हात त्यांचा असतो. ते बादलीत टाकण्यापूर्वी तोलायचे आहे, हे त्यांना माहीत नसेल, तर वहीतला मोजलेल्या रक्ताचा रकाना रिकामाच राहील.