मद्रासहून दिसलेला 'एशिया'

प्रश्न : भारतातून शोधला गेलेला 'एशिया' नावाचा एक लघुग्रह असल्याचे वाचले. तो कसा सापडला, त्याची कक्षा पृथ्वीच्या वाटेत येते का, आणि पैसे भरून लघुग्रहाला आपल्या माणसाचे नाव देता येते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा लघुग्रह नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांना १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून सापडला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिला लघुग्रह होय. पॉगसन त्याच वर्षी इंग्लंडहून येऊन तेथे रुजू झाले होते आणि ऑक्सफर्डला असताना त्यांनी आधीच तीन लघुग्रह शोधलेले होते.

छायाचित्रांवरून लघुग्रह शोधण्याची पद्धत १८९१ पासूनची आहे. त्याआधी निरीक्षक ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवून दुर्बिणीतला एकेक ठिपका त्याच्याशी ताडून पाहत असे, आणि नकाशात नसलेला ठिपका आढळला की पुढच्या रात्री तोच भाग पुन्हा तपासत असे. तारा असेल तर तो जागचा हलत नाही. एशियासारखा लघुग्रह मात्र, पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये असताना, दिवसाला सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीइतका सरकतो. एशियाची तेजस्विता अशा वेळी बहुधा दहाव्या-अकराव्या प्रतीच्या आसपास असते (प्रत म्हणजे तेजस्वितेची पायरी; आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद). नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा अकराव्या प्रतीचा ठिपका शंभर पट मंद असतो, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे नेमका शंभर पट हे प्रमाण १८५६ मध्ये सुचवणारेही पॉगसनच होते. आज जगभरचे निरीक्षक वापरतात ती मोजपट्टी हीच. माझ्या मते त्यांचे हे काम त्यांच्या सगळ्या लघुग्रहांहून मोठे आहे.

एशिया मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यात, त्याच्या आतल्या बाजूला फिरतो. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. कक्षा बरीच लंबगोल असल्यामुळे हे अंतर सुमारे १.९७ ते २.८७ एककांदरम्यान बदलते. पृथ्वी सूर्यापासून एका एककावर असल्याने दोघांच्या वाटा एकमेकींना कोठेही छेदत नाहीत, त्यामुळे धोक्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सुमारे ६० किलोमीटर व्यासाच्या या खडकाला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला पावणेचार वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. तेवढ्यात मंगळाच्या जवळजवळ दोन फेऱ्या होतात.

नावाबद्दल सांगायचे तर, त्या काळी लघुग्रहांना पुराणकथांतील स्त्रियांची नावे देण्याची प्रथा होती. ग्रीक पुराणात एशिया ही ओशनस आणि टेथिस यांची कन्या. पॉगसन यांनी तिचे नाव निवडून प्रथाही पाळली आणि ज्या खंडातून लघुग्रह सापडला त्याचा मानही राखला. त्याचा क्रमांक ६७ आहे. पुढे सॅफो, सिल्व्हिया आणि व्हेरा हे लघुग्रहही त्यांनी मद्रासहूनच शोधले.

आता पैशांचे. लघुग्रहाचे नाव विकत मिळत नाही आणि तसे प्रमाणपत्र कोणी देऊ केले तर त्याला काहीही अर्थ नाही. नव्या लघुग्रहाला आधी तात्पुरते नाव मिळते, पुरेसे वेध घेऊन कक्षा पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत शोधकर्त्याने नाव सुचवायचे असते. ते नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांपेक्षा मोठे नसावे लागते आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीने मान्य केल्यावरच ते अधिकृत होते. राजकीय किंवा लष्करी कारणांनी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या निधनाला शंभर वर्षे झाल्याखेरीज देता येत नाही. गणितज्ञांना मात्र अशी अट नाही. म्हणूनच तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी १९८८ मध्ये शोधलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला रामानुजन हे नाव मिळू शकले.