दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती नाही, मग त्या शास्त्रज्ञांच्या सह्यांचा उपयोग काय?

ताई, तुमचा प्रश्न असा की लेक सीबीएसईला दहावीत आहे, पुस्तकात उत्क्रांती नाहीच, आणि मिस्टर म्हणतात की उत्क्रांती काढू नका म्हणून शास्त्रज्ञांनी सह्या करून काय होतंय, विज्ञान काय सह्यांवर ठरतं का.

नाही ठरत, मिस्टरांचं बरोबर आहे. पण त्या सह्या डार्विन खरा का खोटा यावर नव्हत्याच हो. सीबीएसईची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने कोविडनंतर पोर्शन कमी करताना 'हेरेडिटी अँड इव्होल्यूशन' (आनुवंशिकता आणि उत्क्रांती) धड्यातलं इव्होल्यूशन काढलं, उरलं नुसतं हेरेडिटी. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेचं खुलं पत्र आलं, १८०० च्या वर सह्या, त्यात टीआयएफआर, आयसर, आयआयटी अशा मोठ्या विज्ञानसंस्थांतली माणसं. त्यांचा मुद्दा साधा होता, की दहावीनंतर बहुतेक मुलं बायोलॉजी सोडतात. बारावीच्या पुस्तकात उत्क्रांती आहे, पण ते बायो घेणाऱ्यांसाठी. म्हणजे जो पोरगा कॉमर्सला जाणार त्याला ही गोष्ट आयुष्यात एकदाही शाळेत भेटणार नाही.

त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह (आपल्याच मुंबईचे माजी पोलीस आयुक्त) औरंगाबादला म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, डार्विन चूक आहे, शाळेत बदल करा. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमी, दिल्ली, बंगळुरू आणि अलाहाबादच्या, एकत्र येऊन बोलल्या की हे शिकवणं काढणं किंवा त्यात पुराणकथा मिसळून ते पातळ करणं म्हणजे मागे जाणं. अकादम्या एरवी मंत्र्याला असं तोंडावर उत्तर देत नाहीत, म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

बाहेरही हेच. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने कायदा केला होता की उत्क्रांती शिकवायची तर सृष्टिनिर्मितीचं 'विज्ञान'ही (म्हणजे सगळं देवाने घडवलं हे) शिकवा, तेव्हा ७२ नोबेल विजेत्यांनी तिथल्या सुप्रीम कोर्टात लेखी म्हणणं मांडलं आणि १९८७ ला कायदा पडला. २००६ मध्ये जगभरातल्या साठाहून जास्त अकादम्यांनी उत्क्रांती शिकवण्याच्या बाजूने एकच निवेदन काढलं. कोर्टाला आणि सरकारला रेडिओमेट्रिक डेटिंग (खडकांचं वय काढायची पद्धत) कळत नाही, कुणीतरी अधिकाराने सांगावं लागतं की या विषयात शास्त्रज्ञांमध्ये भांडण नाहीये. सह्यांचं काम एवढंच.

आता माझं. मी शिवडीला वीस वर्षं क्लास घेतोय, स्टेट बोर्ड जास्त. आमच्याकडे दहावी विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', आणि खरं सांगू, धडा असून पोरं काय करतात तर 'अवशेषांगे म्हणजे काय' (पूर्वजांकडून आलेले, आता फारसे कामाचे नसलेले अवयव) दोन मार्काला पाठ करतात, बस. म्हणून मी आधी सगळ्यांना हात बाकावर ठेवायला लावतो, पंजा वर, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट जरा वर उचला. मनगटावर मधोमध एक दोरी वर येते, ती एका स्नायूची. काहींना येत नाही, मग ते बिचारे घाबरतात, सर मला काय झालं? काही नाही झालं. त्या स्नायूवाचून हाताचं काही अडत नाही, सर्जन लोक ती दोरी काढून दुसरीकडे जोडायला वापरतात. त्यानंतर अवशेषांगे पाठ करावी लागत नाहीत.

आणि टीबी हॉस्पिटल आमच्याकडून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे, त्यामुळे औषध मध्येच सोडलं की काय होतं हे पोरांना घरातूनच माहीत असतं. औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे उरतात, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांचीच. नैसर्गिक निवड अजून वेगळी काय सांगायची?

जीवाश्म म्हटलं की लोकांना गुजरातचे डायनोसॉर आठवतात, पण आपल्या वरळीच्या टेकडीतल्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडलेत! लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात अडकलेले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने लंडनमध्ये त्यांचं वर्णन छापलं, म्हणजे डार्विनचं पुस्तक यायच्या बारा वर्षं आधी. गंमत म्हणजे हाच ओवेन पुढे डार्विनचा कट्टर विरोधक झाला.

शाळेशी भांडत बसू नका, टीचरच्या हातात काही नसतं. बालभारतीच्या साइटवरून तो भाग २ फुकट उतरवा, पहिला धडा लेकीबरोबर बसून वाचा, इंग्लिश मीडियमचं पुस्तकही तिथेच आहे. मिस्टरांनाही मनगट बघायला सांगा, दोरी येते का नाही ते इथे कळवा.