अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या माणसाला तिथल्या कोर्टात बसून खटला पाहता येतो का? आणि तिथे खरंच झटपट निकाल लागतात का?

येतो. कुणी अडवत नाही. २०१८ साली लेकीकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला होतो, तेव्हा शिकागोच्या फौजदारी कोर्टात मी चार दिवस जाऊन बसलो. दारात विमानतळासारखी झडती झाली, पासपोर्ट कुणी विचारला नाही. मोबाइल तेव्हा आत नेता येत नसे, तो जावयांच्या गाडीत ठेवला. 'सव्विसावा रस्ता आणि कॅलिफोर्निया' एवढं म्हटलं की तिथे कुणालाही ते कोर्ट कळतं. १९२९ची इमारत, शेजारीच तुरुंग.

मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखक होतो. लोक आत गेल्यावर जज बघतात, ज्युरी बघतात. मी स्टेनो कुठे बसतो ते बघितलं.

झटपटचं आधी सांगतो. सकाळचा पहिला तास नुसता पुकारा. आरोपी येतो, दोन मिनिटं बोलणं, पुढची तारीख. होय, तिथेही तारखाच! इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, कोठडीतल्या आरोपीचा खटला १२० दिवसांत चालू व्हावा असा कायदा आहे, पण बचावाच्या संमतीने तारीख पडली की ते दिवस मोजत नाहीत. म्हणून वकील दर वेळी 'बाय ॲग्रीमेंट' म्हणतो आणि महिना जातो. वेग दिसतो तो कबुलीमुळे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२च्या एका निकालात आकडे दिलेत: राज्यांतल्या ९४ टक्के आणि फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांतल्या ९७ टक्के शिक्षा गुन्हा कबूल करून झालेल्या असतात. सरकारी वकिलाशी घासाघीस करून कमी शिक्षा पदरात पाडून घ्यायची. याला झटपट न्याय म्हणायचं तर म्हणा, मी म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र ज्युरीसमोरचा खटला मिळाला. आरोपीला कठडा नाही, साध्या शर्टात वकिलाशेजारी बसलेला. साक्षीदारालासुद्धा खुर्ची! आणि त्या खुर्चीच्या अगदी पुढ्यात एक पन्नाशीची बाई, मांडीजवळ तिपाईवर छोटंसं यंत्र. बावीस कळा. आपल्यासारखं एकेक अक्षर बडवायचं नाही, पेटीवर सूर धरावा तशा चार-पाच कळा एकदम दाबायच्या की अख्खा उच्चार उमटतो. परीक्षाच मिनिटाला २२५ शब्दांची असते. आपली उच्चश्रेणीची १२०.

उलटतपासणी तापली. दोन्ही वकील एकदम बोलायला लागले, वरून जजही बोलले. बाईंनी डावा हात वर केला आणि मोठ्याने म्हणाल्या, "एका वेळी एकानेच." अख्खं कोर्ट गप्प. जज "सॉरी" म्हणाले आणि आपलं वाक्य पहिल्यापासून पुन्हा बोलले.

मला घाम फुटला हो. कारण १९९४ साली एका तालुक्याच्या ठिकाणी मी हेच केलं होतं. एक म्हातारी साक्षीला होती. ती म्हणाली, "अंधार व्हता, त्योच व्हता वाटतं." जजसाहेबांनी मला सांगितलं, "लिहा, मी आरोपीस पाहिले." आपल्याकडे साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत नाही, निवेदनाच्या रूपात उतरते. प्रश्न गळून जातो, उत्तर साहेबांच्या भाषेत येतं. माझी बोटं थांबली. म्हटलं, "साहेब, त्या 'वाटतं' म्हणाल्या." त्यावर, "ऐकायचं काम माझं, तुम्ही टाइप करा." नंतर नियमाप्रमाणे साक्ष म्हातारीला वाचून दाखवली. "मी आरोपीस पाहिले" ऐकून ती म्हणाली, "व्हय."

आमच्या बाररूममधले एक वकील मित्र तेव्हापासून मला सुनावत आलेत की तो आगाऊपणा होता. "आरोपी शेवटी सुटलाच ना, मग काय बिघडलं?" अहो, बिघडलं ते कागदावर बिघडलं! अपिलात म्हातारी जात नाही, कागद जातो. स्टेनो म्हणजे साहेबांचा हात नव्हे, तो त्या खोलीचा कान आहे.

मधल्या सुटीत बाईंना मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मीही याच धंद्यातला. त्यांनी विचारलं, कोणतं मशीन? म्हटलं, एचबी पेन्सिल. त्या इतक्या हसल्या की बेलिफ बघायला लागला.

एक मान्य करतो. त्यांच्या कागदावर शब्दच येतात. साक्षीदाराने मान डोलावली तर "तोंडाने बोला" म्हणतात, तो रडला तर कुणी बोलून दाखवल्याशिवाय ते रेकॉर्डवर येत नाही. आपल्या कायद्यात साक्षीदाराच्या वागण्याबद्दल जजने शेरा लिहायची सोय आहे. लिहितात किती, ते सोडा.

तुम्ही जाणार असाल तर साडेनऊला पोहोचा, ज्युरी कुठे बसली आहे ते शिपायाला विचारा, पहिल्या बाकावर बसू नका. हे सगळं एका काउंटीचं, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याचं, तेही माझ्या वेळचं. फोनचे नियम जागोजागी वेगळे, आणि सगळीकडे स्टेनो असतोच असं नाही, बऱ्याच ठिकाणी नुसतं ध्वनिमुद्रण होतं. इलिनॉयमध्ये २०२३ पासून पैसे भरून जामीन घेण्याची पद्धतही गेली. व्हिसाचे कागद जवळ ठेवलेले बरे.

त्याच रात्री लेकीच्या फोनवरून त्या वकील मित्रांना सगळं सांगितलं. हात वर केला, जज सॉरी म्हणाले, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईंचा गोपनीय अहवाल कोण लिहितं?" म्हणजे वरचा साहेब हाताखालच्याच्या कामाबद्दल दरवर्षी लिहितो तो.

दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो, तर खटला संपला होता आणि त्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं.