कार्बन रंग 'शोषतो' की 'अधिशोषतो'?

प्रश्न असा आला आहे : कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग ॲक्टिव्हेटेड कार्बनने (असंख्य बारीक छिद्रं पाडलेल्या कोळशाने) काढतात, या क्रियेला शोषण म्हणावं, अवशोषण की अधिशोषण?

अधिशोषण. एक पदार्थ दुसऱ्याच्या अंगात सगळीकडे मुरला किंवा विरघळला, तर ते अवशोषण. नुसता पृष्ठभागावर धरला गेला, तर अधिशोषण. स्क्रबरमध्ये (वायू पाण्याने धुणाऱ्या यंत्रात) ॲसिडची वाफ पाण्यात विरघळते, हे पहिलं. कार्बन फिल्टरमध्ये रंगाचे रेणू कोळशाच्या छिद्रांच्या भिंतींना चिकटतात, हे दुसरं. छिद्रं 'आत' असतात म्हणून घोळ होतो, पण त्या भिंती हाही पृष्ठभागच. एका ग्रॅम चांगल्या कार्बनमध्ये तो ८०० ते १२०० चौरस मीटर भरतो. 'अधि' म्हणजे वर, जसं अधिष्ठानात. काही जण 'पृष्ठशोषण' लिहितात. मला तो शब्द अधिक आवडतो, कारण वाचताक्षणी कळतो. मात्र अधिशोषक (कार्बन), अधिशोषित (रंग) आणि उलट क्रियेसाठी विशोषण अशी जोडी 'अधिशोषणा'सोबत सहज बसते.

या भेदावर प्लांटमधले निर्णय अवलंबून असतात. पृष्ठभागावर जागा मोजकीच, आणि ती रेणूच्या मापाची हवी. नारळाच्या करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरहून बारीक. त्याचा आयोडीन नंबर (एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा) भरघोस येतो, कारण आयोडीनचा रेणू लहान. पण रिॲक्टिव्ह डायचा (सुती कापडाच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाचा) मोठा रेणू तिथे सहसा शिरत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी नुसता आयोडीन नंबर पाहू नये. उलट मिथेनॉलसारखे लहान, पाण्यात सहज मिसळणारे रेणू कार्बनवर फारसे टिकत नाहीत. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसतं आणि सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागेल ते माप) मात्र हटत नाही.

किती कार्बन लागेल, हे आपल्याच पाण्यावर तपासावं. आधी पाणी गाळून घ्यावं आणि पीएच प्लांटमध्ये असतो तेवढाच ठेवावा. प्रत्येकी १०० मिलीलीटर पाणी घेतलेल्या पाच-सहा बाटल्यांत ०.०५ ते १ ग्रॅम वाळवलेली कार्बनची पूड चढत्या क्रमाने घालून रंग उतरायचा थांबेपर्यंत हलवावं, मग गाळून मोजावं. एक बाटली कार्बनशिवाय ठेवून तीही गाळावी. गाळणकागदही काही रंग धरतो, आणि ते श्रेय फुकट कार्बनला जातं. समजा ०.२ ग्रॅममध्ये रंग लीटरला २०० मिलिग्रॅमवरून २० वर आला. तर १८० × ०.१ लीटर ÷ ०.२ ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे ९० मिलिग्रॅम. हा आकडा त्या पाण्यापुरताच. दुसरे पदार्थ जागेसाठी भांडू लागले की तो घसरतो. फिल्टरमध्ये गाळ, तेल गेलं तर छिद्रांची तोंडंच बंद होतात, म्हणून कार्बनच्या आधी गाळ बसवणं आणि वाळूचा फिल्टर हवाच.

याच विषयावर लिहिताना आणखी दोन क्रियापदं चुकतात. कार्बन विरघळलेला रंग 'गाळत' नाही. गाळला जातो तो न विरघळलेला कचरा. आणि रंग 'नष्ट' होतो हे तर साफ चूक : तो पाण्यातून कोळशावर जातो, एवढंच. जागा भरल्या की तो फिल्टरच्या तळातून बाहेर येऊ लागतो. तेव्हा कार्बन बदलायचा. तो एकतर भट्टीत वाफेसोबत ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला पुन्हा सक्रिय करायचा, नाहीतर धोकादायक कचरा म्हणून रीतसर पाठवायचा. आवारात ओतला तर पावसात विशोषण होऊन तोच रंग ओढ्याला जातो.