बाळ, नोकरी आणि राहून गेलेली चित्रं

"पुढच्या महिन्यात ऑफिस सुरू होतंय. बाळ साडेसहा महिन्यांचं आहे. दिवसभर त्याच्यापासून लांब राहणार आणि तरीही सुट्टीच्या दिवशी दोन तास चित्रं काढावीत असं वाटतं. मी स्वार्थी आई आहे का?"

समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुण आईचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सतत ऐकू येतो. चित्रांच्या जागी कुणाचं गाणं असतं, कुणाचं पोहणं, कुणाचं वाचन. नोकरीची परवानगी बाईने स्वतःला कशीबशी दिलेली असते, कारण तिच्यातून घरात पैसे येतात. छंदाला असं काही कारण दाखवता येत नाही. तो निव्वळ स्वतःसाठी असतो, म्हणून काट मारायची वेळ आली की पहिली त्याच्यावर बसते.

अशा वेळी मी आधी मन:स्थिती तपासून घेते. १९८७ साली तयार झालेली, एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी १० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या ७ दिवसांत आईला कसं वाटलं, हे त्यात विचारतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं, जीव घाबरणं पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं. पण ते ओसरलं नाही, बाळ शांत झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नाही, कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. आणि हे नैराश्य पहिल्या वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकतं, "आता सहा महिने होऊन गेले" म्हणून निर्धास्त राहू नये. या आईच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. ती दमलेली होती आणि तिला चित्रं काढायची होती. इच्छा जिवंत असणं ही मला चांगली खूण वाटली आणि मी तिला तसं सांगितलं.

अपराधीपणाबद्दल बोलताना मी तिला एका अभ्यासाविषयी सांगितलं. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेल्या या अभ्यासात १,३०० हून जास्त मुलांना जन्मापासून पुढे कित्येक वर्षं पाहिलं गेलं. दिवसा दुसऱ्या कुणी सांभाळलं, एवढ्याच कारणाने बाळाची आईशी असलेली ओढ कमकुवत झाल्याचं त्यात आढळलं नाही. आई बाळाच्या खुणा किती ओळखते, त्यांना कसा प्रतिसाद देते, याचा परिणाम जास्त होता. सांभाळ निकृष्ट आणि आईचा प्रतिसादही तुटक, असं दोन्ही जुळून आलं तेव्हा मात्र धोका वाढलेला दिसला. म्हणजे चांगला सांभाळ शोधण्याची तिची धडपड रास्त होती. सुट्टीच्या दोन तासांनी बाळाचं काही बिघडणार होतं, ही भीती तेवढी रास्त नव्हती.

मग आम्ही प्रत्यक्ष चित्रांकडे वळलो. ती जलरंगात काम करायची. ओल्या कागदावर रंग सोडला की मध्येच उठता येत नाही. उठलं तर कागद सुकतो आणि कडा उमटतात. बाळ जागं झालं की चित्र वाया, म्हणून तिने ब्रश हातात घेणंच सोडलं होतं. इथे मला नेहमी एक विभागणी उपयोगी पडते. छंदाचा कुठला भाग मध्येच सोडता येतो आणि कुठला नाही? पेन्सिलीची रेखाटनं, रंगांचे छोटे नमुने, पुढच्या चित्राचा आराखडा हे दहा मिनिटांत होतं आणि अर्धवट राहिलं तरी बिघडत नाही. ते बाळाच्या झोपेच्या वेळी. सलग वेळ मागणारं चित्र मात्र तेव्हाच, जेव्हा दुसरं कुणी मोठं माणूस बाळाची पूर्ण जबाबदारी घेईल. रोज सगळ्याला सारखा वेळ द्यायचा हट्ट तिने सोडावा, असं मी स्पष्ट म्हटलं. काही आठवडे चित्रांचे असतील, काही नुसते झोप भरून काढण्याचे, आणि झोप फारच कमी झाली असेल तर मी चित्रांच्या आधी झोपेला कौल देते.

"पूर्ण जबाबदारी" म्हटल्यावर ती गप्प झाली. नवरा प्रेमळ होता, बाळाला घ्यायचा, पण दर पाच मिनिटांनी विचारायचा, "अगं, डायपर कुठे आहेत? हा आता का रडतोय?" पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. बाळाबद्दलच्या कुठल्या गोष्टी फक्त आईच्याच डोक्यात आहेत, त्या तिला कागदावर लिहायला सांगितल्या. पुढच्या लसीची तारीख, कुठले कपडे आखूड झाले, झोप आली की बाळ कान ओढतं, औषध कधी संपतंय. कागद भरला. त्याने तो वाचला आणि म्हणाला, "यातलं निम्मं मला माहीतच नाही."

मग शनिवार सकाळचे दोन तास बाळ बाबाकडे आणि आई घराबाहेर, असं ठरलं. घराबाहेर यावर मी अडून बसले. आई शेजारच्या खोलीत असेल तर रडण्याचा पहिला आवाज ऐकून ती धावते आणि बाबाला स्वतःची रीत सापडायला वेळच मिळत नाही. पहिल्या शनिवारी बाळ बरंच रडलं. त्याने आईसारखं जोजवून पाहिलं, जमलं नाही. शेवटी खिडकीपाशी उभं राहून बाहेरचं दाखवत तो बोलत राहिला. तेव्हापासून ती त्यांची दोघांची जागा झाली.

कामावर परतण्याची तयारी हे खरं अवघड काम. सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला आपलं माणूस नजरेआड झाल्याचं कळू लागतं आणि नेमकी तेव्हाच पुष्कळ आयांची रजा संपते. त्यामुळे बाळ रडलं की आईला वाटतं, नोकरीमुळे झालं. हे रडणं वाढीचाच भाग आहे. सांभाळणाऱ्या बाईंना तिने आधीपासून घरी बोलावलं, सुरुवातीला स्वतः सोबत राहिली, मग तासभर, मग अर्धा दिवस बाहेर गेली. बाळाचं लक्ष नसताना गुपचूप निघून जायचं नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. छोटा निरोप, रोज तोच, आणि निघायचं. काढून ठेवलेलं दूध आईकडून न घेणारी बाळं दुसऱ्याच्या हातून बऱ्याचदा घेतात, तेही आधीच करून पाहावं. ऑफिसची सुरुवात तिने गुरुवारी केली, म्हणजे पहिला आठवडा दोनच दिवसांचा.

रात्रीच्या जागरणाची पूर्वसूचना दिलेली बरी. आई दिवसा नसली की काही बाळं रात्री जास्त दूध पितात. तिच्या बाळाने तेच केलं. पहिल्या महिन्यात चित्रांचे दोन शनिवार झोपेत गेले आणि तिने त्याबद्दल स्वतःला बोल लावला नाही.

शेवटच्या भेटीला दोघं आले ते वेगळाच मुद्दा घेऊन. बाळाला ताप आला की रजा कुणी टाकायची? त्यावर त्यांचं आदल्या आठवड्यात भांडण झालं होतं. आम्ही दोघांच्या कामाचे न हलवता येणारे दिवस कॅलेंडरवर मांडले. उरलेल्या दिवसांसाठी पाळी ठरली आणि पहिली पाळी त्याने घेतली.