मेरीलँडमध्ये कॉन्ट्रॅक्टरने घराचं काम बिघडवून ठेवलंय, गॅरंटी फंडातून पैसे मिळतील का?

तुमची केस मला समजली ती अशी: टाउनहाउसचं बेसमेंट आणि तिथलं बाथरूम करायला ४०,००० डॉलरचा करार, सही करतानाच त्याने २०,००० घेतले, नंतर अजून ८,०००, आता शॉवरचं पाणी टाइलमागून भिंतीत मुरतंय, अर्धं काम तसंच पडलंय आणि साहेब फोन उचलत नाहीत. तुम्ही एच-१बी व्हिसावर आहात, व्हर्जिनियात एक घर भाड्याने दिलंय, आणि कोणीतरी सांगितलंय की गॅरंटी फंड, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने काम बिघडवलं तर घरवाल्याला भरपाई देणारा राज्याचा फंड, फक्त सिटिझन लोकांसाठी असतो.

ते सिटिझनचं डोक्यातून काढून टाका. मेरीलँडच्या कायद्यात "ओनर"ची व्याख्या इतकी मोकळी आहे की त्यात भाडेकरूसुद्धा बसतो, ज्याने काम करून घेतलं तो ओनर, व्हिसाचा विषयच नाही. मी वकील नाही पण माझ्या डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कामासाठी या फंडावर क्लेम केलेला आहे, त्यामुळे कुठे गाडी अडते ते सांगू शकतो, आणि ती शक्यतो तुमच्यावर अडत नाही, त्या माणसाच्या लायसन्सवर अडते.

म्हणून आज पहिलं काम हे करा. मेरीलँड होम इम्प्रूव्हमेंट कमिशन, म्हणजे एमएचआयसी, कॉन्ट्रॅक्टरना लायसन्स देणारं आणि हा फंड चालवणारं राज्याचं खातं, त्यांच्या साइटवर लायसन्स शोधता येतं. करारावर लायसन्स नंबर छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे, तो टाका आणि बघा की करारावरचं कंपनीचं नाव आणि लायसन्सवरचं नाव एकच आहे का, आणि तुमची सही झाली, काम चालू होतं, त्या काळात लायसन्स वैध होतं का संपलेलं. प्लंबरचं किंवा इलेक्ट्रिशियनचं लायसन्स ही वेगळी गोष्ट, त्याने इथे भागत नाही, आणि ट्रकच्या दारावर "लायसन्स्ड अँड इन्शुअर्ड" लिहिलेलं असतं त्याला तर काडीची किंमत नाही. लायसन्स नसेल तर फंडाचं दार बंद, कारण हे पैसे सरकारी तिजोरीतून येत नाहीत, लायसन्स घेताना प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर त्यात १०० डॉलर भरतो, म्हणजे लायसन्सवाल्यांच्या चुका लायसन्सवाल्यांच्या पैशातून भरून निघतात असा हिशोब आहे. बिनलायसन्सचा निघाला तरी तक्रार कराच, मेरीलँडमध्ये तो गुन्हा आहे आणि क्रिमिनल केसमध्ये कोर्ट त्याला पैसे परत द्यायला लावू शकतं, पण तो रस्ता वेगळा.

लायसन्स ठीक असेल तर पुढच्या अटी तुमच्यासाठी सोप्या आहेत. ज्या घराचा क्लेम आहे त्यात तुम्ही राहत असाल, किंवा तुमच्या नावावर एकूण तीनपेक्षा जास्त घरं नसतील, दोन्हीपैकी एक पुरे. व्हर्जिनियाचं घर त्यामुळे आड येत नाही. कॉन्ट्रॅक्टर तुमचा नवरा, बायको किंवा जवळचा नातेवाईक नको, तुम्ही त्याच्या कंपनीत पार्टनर किंवा नोकर नको (आपल्या लोकांत "माझ्या साडूचं काम आहे, स्वस्तात करून देईल" हा प्रकार फार चालतो म्हणून मुद्दाम लिहिलं). चार किंवा जास्त युनिटच्या अपार्टमेंट बिल्डिंगचं काम यात येत नाही, टाउनहाउस येतं. आणि कोणी कोरं नवीन घर बिल्डरकडून बांधून घेतलं असेल तर त्याला हा फंड नाही, नव्या घरांसाठी होम बिल्डर गॅरंटी फंड वेगळा आहे, तिथली मर्यादा ५०,००० डॉलर.

आता मिळणार किती, कारण लोकांचा खरा भ्रमनिरास इथे होतो. फंड तुमच्या मनस्तापाचे पैसे देत नाही, वकिलाची फी देत नाही, बाथरूम बंद म्हणून हॉटेलात राहिलात त्याचे देत नाही, ओल्यामुळे खराब झालेल्या सोफ्याचे पण नाही. फक्त काम नीट करून पूर्ण करायला जो जादा खर्च येणार तो देतो. हिशोब असा की त्याला दिलेले पैसे, अधिक दुसऱ्याला द्यावे लागणारे वाजवी पैसे, वजा मूळ कराराची रक्कम. समजा दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने सगळं दुरुस्त करून पूर्ण करायला २५,००० सांगितले, तर २८ अधिक २५ म्हणजे ५३, त्यातून ४० गेले, तुमचा क्लेम १३,००० चा. तुम्ही कदाचित २८,००० परत मिळतील असं धरून बसला असाल, तसं होत नाही, कारण ४०,००० खर्चून पूर्ण बेसमेंट मिळवायचं हे तुम्हीच ठरवलं होतं. उलट दुसऱ्याने ६०,००० सांगितले तर आकडा ४८,००० येतो, पण एका क्लेमला ३०,००० च्या वर फंड देत नाही, आणि तुम्ही पहिल्याला जेवढे दिले त्याच्या वरही देत नाही, म्हणजे तुमची कमाल २८,०००. पहिल्याने पैसे घेऊन कुदळसुद्धा मारली नसती तर हिशोब सरळ होता, जेवढे दिले तेवढे.

यावरून लक्षात येईल की सगळा खेळ दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनवर आहे. तोही लायसन्सवालाच बघा. माझ्या डेकचं सांगतो, लेजर बोर्ड म्हणजे घराच्या भिंतीला धरून असते ती मुख्य फळी, ती साइडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) न काढता वरूनच खिळ्यांनी ठोकली होती, बोल्ट एकही नाही, फ्लॅशिंग म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून लावतात ती पट्टी, तीही नाही, पहिल्याच पावसाळी आठवड्यात आत किचनच्या भिंतीवर पिवळा डाग उमटला. दुसऱ्या माणसाने येऊन बघितलं आणि कोटेशन दिलं ते एका ओळीचं, "डेक दुरुस्ती" आणि खाली आकडा, त्यात वर कॉम्पोझिटच्या (लाकूड-प्लॅस्टिक मिश्रणाच्या) फळ्या धरलेल्या कारण त्याला त्या आवडतात. मूळ करारात साधं प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं, लाकूड होतं. असलं कोटेशन हिअरिंगला नेलं की पहिला प्रश्न येणार, यातलं किती मूळ कामाचं आणि किती तुमची नवी हौस? मी त्याला बसवून ओळ न ओळ वेगळी करून घेतली, काय चुकलंय, का चुकलंय, तेवढंच नीट करायला मटेरियल किती मजुरी किती, आणि कॉम्पोझिटचा फरक वेगळ्या कागदावर. तुमच्या शॉवरचं असंच करा. टाइलमागे वॉटरप्रूफिंग होतं का नाही हे फोडल्यावर दिसेल, तेव्हा फोडताना फोटो, व्हिडिओ काढा आणि त्याला कोटेशनमध्येच लिहायला सांगा की मागे काय सापडलं. काउंटीचा परमिट काढला होता का तेही बघा, इन्स्पेक्टरने काम फेल केल्याचा कागद असेल तर सोन्याहून पिवळं.

अजून एक. सही करताना किंवा त्याआधी कराराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे घ्यायची कॉन्ट्रॅक्टरला परवानगीच नाही. ४०,००० चा तिसरा हिस्सा साधारण १३,३३३ होतो, त्याने २०,००० घेतले, तेव्हा हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. क्लेमची रक्कम त्याने वाढत नाही पण कमिशनला माणूस कळतो.

आणि रागाच्या भरात एक गोष्ट करू नका. तक्रार गेली की कॉन्ट्रॅक्टरकडे उत्तर मागतात आणि बऱ्याचदा तेव्हा महाशय अचानक जागे होतात, "येऊन करून देतो" म्हणतात, कारण फंडाने तुम्हाला दिलेले पैसे वर्षाला १० टक्के व्याजासकट भरेपर्यंत त्याचं लायसन्स अडकतं. त्याची प्रामाणिक ऑफर तुम्ही विनाकारण धुडकावली तर त्याच कारणाने तुमचा क्लेम नाकारता येतो. याचा अर्थ त्याला परत घरात घ्यायलाच हवं असं नाही, पण "तुझं तोंड बघायचं नाही" एवढं उत्तर पुरत नाही, लेखी विचारा की नक्की काय करणार, कधी, कोणाच्या हाताने, परमिट काढणार का, आणि पटत नसेल तर का पटत नाही ते पण लेखी.

मुदत नुकसान लक्षात आल्यापासून, किंवा लक्षात यायला हवं होतं तेव्हापासून, ३ वर्षं. तरी थांबू नका, कारण एका कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर फंड एकूण २,५०,००० डॉलरपर्यंतच देतो, त्याने बऱ्याच जणांना बुडवलं असेल तर मागून येणाऱ्याला वाट बघावी लागू शकते. हिअरिंग अॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ जजसमोर, म्हणजे सरकारी खात्यांकडची प्रकरणं ऐकणाऱ्या जजसमोर होतं, वकील लागतोच असं नाही, पण सिद्ध तुम्हालाच करायचंय, म्हणून करार, बँकेचे आणि झेलचे (फोनवरून पैसे पाठवायची सोय) व्यवहार, त्याच्याशी झालेले टेक्स्ट मेसेज तारखेने लावून ठेवा. सोबत कोर्टातही केस टाकली असेल तर लपवू नका, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

तुमच्या व्हर्जिनियाच्या घराचं कधी असं झालं तर तिथे हे नियम लावू नका. व्हर्जिनियात आणि मिनेसोटात आधी कोर्टाचा निकाल हातात असावा लागतो, मग फंड. अॅरिझोनात मर्यादा घरामागे ३०,००० आहे पण तक्रारीला २ वर्षंच मिळतात. टेक्सासमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्सच लागत नाही, तिथे बोलायलाच नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, हिअरिंग होईपर्यंत बाथरूम तसंच ठेवायचं का. नाही, गळती आजच बंद करा, त्या शॉवरचं पाणी तोडा, ओली ड्रायवॉल (भिंतीचे जिप्सम बोर्ड) कापून काढा, फक्त कापण्याआधी आणि कापल्यावर फोटो घ्या आणि निघालेल्या टाइलचे दोनचार तुकडे, त्यामागच्या बोर्डासकट, गॅरेजमध्ये ठेवून द्या. फेकू नका.